घरघर काढायची की ठेवायची?

साशंक : तुझं म्हणणं मला पाठ झालंय. खिशात मोबाइल आहे, हजाराच्या आसपास कॉलर माइक मिळतो, एडिटिंगची सॉफ्टवेअरं फुकट आहेत. मग पेडगावचा सप्ताह असो, कुणाच्या दारातला गोंधळ असो की म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या असोत, आपणच रेकॉर्ड करायचं, परभणीहून शूटिंगवाला बोलवायची गरज नाही. ऐकायला गोड आहे. पण मी उमेदीची वर्षं लग्नांच्या शूटिंगमध्ये घातली आहेत, आणि तिथे एक गोष्ट पक्की कळली. स्वस्तातला उपाय म्हणजे बहुतेक वेळा लांबणीवर टाकलेला खर्च. पोरं आधी साधा माइक घेतात. त्यात खरखर येते म्हणून वायरलेस घेतात. त्याची रेंज तुटते म्हणून तिसरा घेतात. मग अडॅप्टर, मग ट्रायपॉड, मग रिंग लाइट. एकेक वस्तू स्वस्त, पण बेरीज करून बघ, तेवढ्यात एक चांगला रेकॉर्डर आला असता. आणि त्या बेरजेत रात्रीची जागरणं कुणी धरतच नाही. सप्ताहाचं एक वेळ सोडून देऊ, तो पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. पण ऐंशीच्या घरातली बाई पुढच्या वर्षी गाईल का? जे एकदाच होणार आहे तिथे जुगाड नको. तिथे जाणता माणूस आणि खात्रीचं यंत्र हवं, नाहीतर हातच लावू नये.

हौशी : काका, ‘नाहीतर हातच लावू नये’ इथेच माझं घोडं अडतं. जाणती माणसं आणि खात्रीचं यंत्र आपल्या जिल्ह्यात येऊन गेलंय की. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम उभं केलं, त्यात १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक आले आणि डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर, ध्वनिमुद्रण सुरू झालं. आपल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो त्यामुळेच. ‘पारी’ने, म्हणजे ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने, २०१७पासून तो सगळा संग्रह लोकांपुढे ठेवला. हजारावर गावं, लाखावर ओव्या. पण त्या लाखातल्या थोड्याच ओव्यांचा आवाज टेपवर आहे, बाकीच्या कागदावर उतरल्या. मी कुणाला दोष देत नाही, उलट त्यांचे उपकार आहेत. मला एवढंच दिसतं की इतक्या तळमळीच्या माणसांनी इतकी वर्षं घालूनही आवाज थोडाच हाती लागला. मग खात्रीच्या यंत्राची वाट बघत बसलेल्या गावाच्या वाट्याला काय येणार? आणि खात्रीचं यंत्र तरी किती दिवस खात्रीचं? सोनीने डॅटची यंत्रं बनवणं २००५मध्ये थांबवलं. त्या टेपांवरचं ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. माझ्या मोबाइलवरची फाइल निदान उद्या दुसऱ्या मोबाइलवर वाजेल.

साशंक : उदाहरण तूच दिलंस, पण त्यातलं नेमकं तेच सोडलंस. त्या मंडळींकडे डॅट होता म्हणून ते काम मोठं झालं नाही. ते बायांमध्ये जाऊन बसले, वर्षानुवर्षं बसले. कोण गातंय, गाव कोणतं, तालुका कोणता, समाज कोणता, ओवी कुणाकडून आली, हे लिहून ठेवलं. यंत्र त्या सगळ्याच्या शेवटी आलं. तुझी पिढी सुरुवातच यंत्रापासून करते. माइक कोणता, ॲप कोणतं, सेटिंग कोणती. मी स्वस्त यंत्राच्या विरोधात नाही रे. यंत्रात अडकलेलं लक्ष मला खटकतं. महाग यंत्रातही ते अडकतं, पण स्वस्तात जास्त, कारण स्वस्त वस्तू सारखी काहीतरी मागत राहते.

हौशी : मग यंत्र घटकाभर बाजूला ठेवू. माझा सगळ्यात मोठा उपाय बिनपैशाचा आहे: अंतर. आवाज आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माइकवर पोचणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. आजी ओसरीच्या एका टोकाला आणि मोबाइल दोन मीटरवर स्टूलावर ठेवला तर पंखा, गल्लीतलं कुत्रं, लांबून येणारा गाडीचा भोंगा, सगळं तिच्या आवाजाच्या बरोबरीने येतं. तोच मोबाइल वीतभर, समजा पंचवीस सेंटिमीटरवर आणला तर अंतर तीनदा निम्मं झालं, अठरा डेसिबल पदरात पडले. पंखा होता तेवढाच राहिला आणि आजी पुढे आली. हे काम पाच हजारांचा माइक दोन मीटरवर ठेवून होत नाही. दुसरा बिनपैशाचा उपाय म्हणजे जागा. पत्र्याच्या खोलीत आवाज डब्यासारखा वाजतो. त्याच घरात जिथे धान्याची पोती रचलेली असतात, वळकट्या असतात, दोरीवर गोधड्या टाकलेल्या असतात, तिथे तो बसतो. शहरातली माणसं भिंतीला फोम चिकटवायला पैसे मोजतात. आपल्याकडे सोयाबीनची पोती आणि वाकळी फुकट आहेत. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकायचा, पंखा बंद करायचा, फ्रीजची पिन काढायची, आणि निघताना ती परत लावायची. यातल्या कशाला पैसा लागतो, सांगा.

साशंक : अंतराचं तू बोललास ते सोळा आणे खरं. फक्त तोंडासमोर धरू नकोस, ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना श्वास माइकवर आदळतो, म्हणून गालाच्या बाजूला, थोडा तिरका. पण मोबाइल म्हणजे नुसता माइक नाही, तो मधे मधे स्वतःची अक्कल चालवतो. आवाज कमी झाला की आपणहून वाढवतो, जास्त झाला की दाबतो. आजी दोन ओळींच्या मध्ये थांबली की मागची शांतता फुगून वर येते, कुत्रं एकदम दारात आल्यासारखं वाटतं, आणि ती पुन्हा गायला लागली की सगळं खाली बसतं. ऐकणाऱ्याला कळत नाही काय खटकतंय, पण खटकत राहतं. संबळ वाजलं की मग तर विचारूच नकोस. गोंधळी राजारामबापू कदमांच्या जिल्ह्यात आपण राहतो, गोंधळ ऐकतच वाढलो. त्या संबळाच्या पहिल्या टिपरीलाच मोबाइल आवाज दाबून टाकतो आणि मागचं तुणतुणं गायब.

हौशी : त्याला उपाय आहे. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा न वापरता ‘ओपन कॅमेरा’सारखं फुकटचं ॲप घ्यायचं. त्यात आवाज कुठून आणि कसा घ्यायचा ते निवडता येतं, अनप्रोसेस्ड असा पर्यायही असतो, म्हणजे मोबाइलने मधे हात घालायचा नाही. सगळ्या मोबाइलवर तो सारखा चालत नाही, आधी घरी तपासून बघावा लागतो. संबळासाठी मात्र मी मोबाइल लांबच ठेवतो. तिथे लांब जाणं हाच उपाय, कारण आवाज इतका मोठा की जवळ गेलं तर फाटतो. आणि बरेच माइक खराब नसतातच. सगळ्यात जास्त खपणाऱ्या त्या वायरवाल्या कॉलर माइकला एक डबी असते, डबीवर खटका असतो, एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला मोबाइल. खटका चुकीच्या बाजूला असला की आवाज येत नाही किंवा कुजबुजल्यासारखा येतो. पिनेचंही तसंच. मोबाइलच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, साध्या कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. दोन रेघांची पिन मोबाइलमध्ये घातली की मोबाइल तिला हेडफोन समजतो आणि आवाज स्वतःच्याच माइकने घेत राहतो. छातीला माइक लावलाय, वायर लावलीय, आणि रेकॉर्ड होतंय ते हातातल्या मोबाइलने. आधी माइकवर नखाने हलकं खाजवून ऐकायचं. कानात खर्र आलं तरच पुढे जायचं.

साशंक : एकट्या माणसाचं तुझं जमतं, मानलं. सप्ताहात काय करशील? कीर्तनकार एका जागी उभा राहत नाही, मागे टाळकऱ्यांची रांग, मृदंग, पेटी. मंडपवाल्याचा आहुजाचा ॲम्प्लिफायर, झाडाला बांधलेले भोंगे, मिक्सरवर इको पूर्ण वर, आणि दर दहा मिनिटांनी माइक शिट्टी मारतो. तू मोबाइल घेऊन बॉक्ससमोर बसलास तर महाराजांचा आवाज नाही, भोंग्याचा आवाज येईल.

हौशी : तिथे मी मिक्सरमधून थेट वायर घेतो. आता ही वायर नुसती जोडली तर आवाज फाटतो, कारण मिक्सरच्या लाइन-आउटमधून येणारं व्होल्टेज माइकच्या मानाने शेकडो पट असतं. कॅमेऱ्याच्या माइक-इनला ते झेपत नाही. बाजारात यासाठी तयार वस्तू मिळते, पण टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक ती दोन रेझिस्टरमध्ये करून देतो. दहा हजार ओहमचा एक वायरीच्या वाटेत, शंभर ओहमचा दुसरा वायर आणि ग्राउंड यांच्या मध्ये. व्होल्टेज शंभरपट खाली येतं, म्हणजे चाळीस डेसिबल. दोन्ही रेझिस्टर पिनेच्या टोपणातच मावतात, वरून टेप गुंडाळली की झालं. मोबाइलला मात्र हेच लावायचं नाही. त्याला शंभर ओहम दिसले की हेडफोनचं बटण दाबलंय असं तो समजतो आणि रेकॉर्डिंग सोडून गाणी लावायला जातो. तिथे कपॅसिटर आणि मोठ्या ओहमचा रेझिस्टर लागतो. हे गणित मेकॅनिकला सांगितलं तर तो करून देतो, आणि न सांगता गेलं तर नवीन माइक घ्या म्हणतो.

साशंक : आणि मग त्या वायरीतून हमिंग येतं. पन्नास हर्ट्झची घरघर, आणि तिच्या दुपटी-तिपटीच्या घरघरी. लॅपटॉप चार्जरवर, मिक्सर मंडपाच्या लाइनवर, दोघांच्या मध्ये तुझी वायर. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक बहुतेक ठिकाणी नावालाच असतं, आत अर्थिंगची वायर पोचलेलीच नसते. आणि इथे मी तुला ठामपणे सांगतो, कारण हा जुगाड मी डोळ्यांनी पाहिलाय: हमिंग जावं म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकतात. हमिंग जातं. पण ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर तोच करंट माइकच्या दांड्यात उतरतो, आणि तो दांडा अनवाणी पायांनी ओल्या मातीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो. स्वस्तातल्या उपायांच्या यादीत हा उपाय कुणी लिहूच नये.

(लिहिणाऱ्याला इथे मध्ये बोलणं भाग आहे. या एका बाबतीत दोन बाजू नाहीत. पावसाळ्यात मंडपातल्या लोखंडी खांबाला हात लावून झिणझिण्या आल्याचं गावोगावी कुणीही सांगेल, आणि ते सांगताना हसणं आता थांबायला हवं. मीठ-कोळसा घालून नीट केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा खर्च चांगल्या माइकच्या आधी करावा.)

हौशी : पूर्ण मान्य. आणि गंमत अशी की बिनधोक्याचा उपाय स्वस्तही आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की बहुतेक वेळा घरघर तिथल्या तिथे थांबते, कारण जमिनीच्या दोन वाटा उरत नाहीत. तेवढ्याने गेली नाही तर मध्ये लावायचा छोटा आयसोलेटर काही शेकड्यांत मिळतो. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज पलीकडे जातो, जमीन जात नाही. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, हैदराबादची गुजराती गल्ली, कुठेही मिळेल. आपल्या माणसांना हैदराबाद तसंही लांब नाही, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोच.

साशंक : पण बघ, तुझ्या प्रत्येक उपायात एक माणूस लपलेला आहे. रेझिस्टर जोडणारा मेकॅनिक, अर्थिंग ओळखणारा वायरमन, गुजराती गल्लीतला तो दुकानदार ज्याला आयसोलेटर म्हटल्यावर कळतं. वस्तू दोन रुपयांची असेल, तिच्यामागचं ज्ञान दोन रुपयांचं नाही. त्या माणसाने ते चाळीस वर्षं कॅसेट प्लेअर उघडून मिळवलंय, आणि आज त्याच्या दुकानात मोबाइलच्या काचा बदलायचं काम चालतं. तो गेला की तुझा स्वस्त उपाय महाग होईल. म्हणून मी म्हणतो, याला बजेट म्हणू नकोस. हे कुणाच्या तरी शिकण्यावर चाललंय, आणि त्याचे पैसे तू दिलेले नाहीस.

हौशी : हे मी असं पाहिलं नव्हतं, पण यातून निघतं काय? त्याच्याकडून शिकून घ्यायचं, एवढंच निघतं. आणि शिकायला स्वस्त वस्तूच बरी, ती उघडायची भीती वाटत नाही.

साशंक : बरं, एडिटिंगला ये. तिथे माझं दुखणं जुनं आहे.

हौशी : तिथे तर सगळ्यात जास्त फुकट आहे. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप अडकतो, कारण मोबाइल हाय एफिशियन्सीच्या नावाखाली एच-२६५मध्ये शूट करतो आणि ते उलगडताना लॅपटॉपला धाप लागते. मोबाइलमध्ये सेटिंग बदलून एच-२६४ करायचं. तरी अडकला तर शॉटकट किंवा केडेनलाइव्हमध्ये प्रॉक्सी करायची, म्हणजे हलक्या प्रतीवर कापाकापी आणि शेवटी मूळ फाइल. ओठ आणि आवाज हळूहळू मागेपुढे होतात, त्याचं कारण मोबाइल फ्रेम एकसारख्या वेगाने घेत नाही. हँडब्रेकमध्ये आधी एकसारख्या फ्रेमरेटवर करून घेतलं की बसतं. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला असेल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी आणि शेवटी एक टाळी, कारण दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात. ट्यूबच्या उजेडात पट्टे हलत असतील तर पंचवीस फ्रेम आणि पन्नासचा शटर ठेवायचा, आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे म्हणून. यात एक रुपया नाही.

साशंक : आणि नावं? तुझ्या व्हिडिओत गाणाऱ्या बाईचं नाव पडद्यावर येतं तेव्हा जोडाक्षर फुटलेलं असतं, रफार भलत्या अक्षरावर, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. जिने गायलं तिच्या नावाचेच तुकडे. श्रीलिपीत टाइप केलेलं आणून चिकटवलं तर नुसतीच चिन्हं दिसतात. माझ्या लेखी हा आवाजापेक्षा मोठा दोष आहे.

हौशी : बरोबर आहे, आणि त्याला निमित्त चालणार नाही. नाव युनिकोडमध्ये टाइप करायचं, ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ हे फाँट फुकट आहेत आणि आपल्याच लोकांनी केलेत. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नसेल तर जिथे नीट जुळते अशा ठिकाणी नावाचं चित्र तयार करायचं, पाठीमागचा भाग मोकळा ठेवून, आणि चित्र म्हणून टाकायचं. काका, मालेगावचं बघा. शेख नासिर यांच्याकडे काय होतं? व्हिडिओ पार्लर आणि व्हीसीआर. त्यावर कापून-जोडून पिच्चर एडिट करायला शिकले आणि २०००मध्ये ‘मालेगाव के शोले’ गावाला दाखवला. सायकलची ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर २००८मध्ये माहितीपट केला तेव्हा जगाने पाहिलं. त्यांनी खात्रीच्या यंत्राची वाट बघितली असती तर पॉवरलूमच्या त्या गावात पिच्चर झालाच नसता.

साशंक : मालेगावबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच सांगतो, तू त्यांच्याकडून चुकीचं शिकतोयस. व्हीसीआर ते व्हीसीआर कापायचं म्हणजे मागे फिरता येत नाही. तिसऱ्या मिनिटात चूक सापडली तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. म्हणून कापण्याआधी पिच्चर डोक्यात तयार लागतो. गरिबीने त्यांना तेवढी शिस्त लावली. तुझ्याकडे अनडू आहे, शंभर इफेक्ट आहेत, म्हणून तू ठरवतच नाहीस, नुसता करून बघतोस. आणि आता ज्यासाठी मी हा वाद घालतोय त्या गोष्टीवर येतो. तू ओव्या रेकॉर्ड केल्यास. मग काय केलंस? ऑडॅसिटी उघडली, सुरुवातीचा रिकामा तुकडा निवडला, ही खरखर आहे असं त्याला सांगितलं, आणि सगळीकडून ती काढून टाकली. स्वच्छ झालं. फुकट झालं. पण त्या तुकड्यात काय होतं? आजीने जातं ओढायला सुरुवात केली होती, ओवी अजून यायची होती. तू जात्याची घरघर खरखर म्हणून दाखवलीस. सॉफ्टवेअर बिचारं एकच जाणतं: जे एकसारखं चाललंय ते नको असलेलं. जातं एकसारखं चालतं. तुणतुणं, वीणा, पेटीचा धरलेला सूरही तसाच. पंखा आणि वीणा यांत त्याला फरक कळत नाही. नवी एआयवाली साधनं तर बोलण्यावरच शिकवलेली, बोलणं नसेल ते कापा. ओवीच्या शेवटी लांबवलेला, थरथरता सूर कधी कधी त्यांना बोलणं वाटतच नाही. ओवी जात्याच्या फेऱ्यावर बांधलेली आहे रे. खुंटा आपल्याकडे येतो आणि जातो, त्या तालावर शब्द पडतात. जातं काढलंस की शब्द राहिले, लय अधांतरी लटकली.

हौशी : तुम्ही जात्याबद्दल जे बोललात ते मला पटतं, म्हणूनच दोन गोष्टी विचारतो. पहिली, ऐकणार कोण आणि कशावर? परभणीच्या एसटीत उभं राहून मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर. त्या स्पीकरमधून जात्याचा खर्ज निघतच नाही, त्याची फक्त खसखस निघते आणि तिच्याखाली आजीचे शब्द बुडतात. नातीला शब्दच कळले नाहीत तर लय घेऊन ती काय करेल? दुसरी गोष्ट जास्त अवघड. गावात गिरणी येऊन किती काळ लोटला? आज जातं कुणाकडे चालतं? लग्नात हळदीपुरतं. आपण सांगितलं म्हणून आजी जात्याशी बसते, मूठभर ज्वारी टाकते आणि ओढते. म्हणजे ती घरघर आपण मागवलेली आहे. बाया तर जात्याशिवाय नुसत्या बसूनही गातात. मग खरं काय? कॅमेऱ्यासाठी ओढलेलं जातं खरं, आणि मी ते कमी केलं तर खोटं, असं कसं?

साशंक : हा प्रश्न चांगला आहे आणि माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर नाही. तिचे हात मात्र खोटे नाहीत. मूठभर ज्वारी का असेना, खुंटा धरल्यावर जी ओवी तिला आठवते ती नुसतं बसून आठवत नाही, हे मी अनेक बायांच्या तोंडून ऐकलंय. म्हणजे जातं आवाजात असो-नसो, आठवणीत आहे. निदान एवढं कर, मूळ फाइल पुसू नकोस. स्वच्छ केलेली वेगळी.

हौशी : ते मी करतोच, कारण आवाज ठेवायला स्वस्त आहे आणि हे फार कमी जणांना माहीत आहे. अठ्ठेचाळीस हजारांच्या सॅम्पलरेटवर, सोळा बिटची, स्टिरिओ फाइल तासाला सातशे एमबीच्याही आत बसते. सप्ताहाच्या सात दिवसांचं रोज दोन तास कीर्तन धरलं तर दहा जीबीच्या आत, एका सोळा जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये. त्याच चौदा तासांचा मोबाइलवरचा व्हिडिओ शंभर जीबीच्या आसपास जातो. जागा कमी पडली की आपण उलटं करतो, चित्र ठेवतो आणि आवाज दाबतो, कमी किलोबिटचा करतो, व्हॉट्सॲपवरून पाठवून त्याचा चोथा करतो. मी म्हणतो, जागा नसेल तर चित्राचा एक तुकडा ठेवा, आवाज सगळा ठेवा.

साशंक : आणि त्या पेनड्राइव्हमधल्या फोल्डरचं नाव ‘न्यू फोल्डर ३’. दहा वर्षांनी कोण ओळखेल? पेनड्राइव्ह बिघडतोही. दोन ठिकाणी ठेव, एक परभणीत, एक गावात. आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी तूच बोल: तारीख, गाव पेडगाव, तालुका, गाणारीचं नाव, तिचं माहेर. माहेर विसरू नकोस, ओवी माहेरहून येते. कागद हरवेल, फाइलचं नाव बदलेल, पण फाइलच्या पोटात बोललेलं तिच्याबरोबर जाईल.

हौशी : हे मी आजपासून करतो. पण एक अडचण तुमच्या आणि माझ्या दोघांच्या पलीकडची आहे. मूळ फाइल आजीला ऐकवली की ती काय म्हणते? तिने माइकवरचा आवाज ऐकलाय तो सप्ताहातला, इको लावलेला, नाहीतर कॅसेटवरचा, ढोलकी-पेटीसकट. स्वतःचा कोरडा आवाज ऐकला की तिचा चेहरा पडतो. म्हणते, एवढा चिरका नाही माझा आवाज. खोकला काढ, दम लागलेला काढ, ते दगडाचं खरखर काढ, आणि महाराजांसारखं घुमू दे. तुम्ही ज्याच्यासाठी भांडताय ते जातं तिलाच नकोय. मी कुणाचं ऐकू?

साशंक : तिचं. पण थांब. आवाज तिचा आहे, ओवी तिच्या एकटीची नाही. आईची आहे, सासूची आहे, शेजारणीची आहे. ती ओवी आणखी पन्नास वर्षांनी जी ऐकेल तिला हा खोकला लागेल, हे जातं लागेल. त्यातून तिला कळेल की हे गाणं कामात गायलं जायचं.

हौशी : म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्या अनोळखी बाईसाठी आज समोर बसलेल्या आजीचं आपण ऐकायचं नाही. काका, मग तुम्ही तिच्यापेक्षा तिच्या आवाजाचे जास्त मालक झालात.

साशंक : लोकांपुढे जाईल ती तिला आवडलेली प्रत. इको हवा तर इको. मूळ मी फक्त ठेवायला सांगतोय, दाखवायला नाही.

हौशी : आणि ती म्हणाली, तीसुद्धा पूस?

साशंक : माझ्याने पुसवणार नाही.

हौशी : मला पुसावी लागेल. उद्या मला तिच्याच ओसरीवर जायचंय, तिच्याच हातचा चहा घ्यायचाय.

साशंक : मग विचारायचं ते आधी विचार. बटण दाबण्याआधी सांग की हे राहणार आहे, तुझ्या नातींना, त्यांच्या लेकींना ऐकू जाणार आहे, खोकल्यासकट, जात्यासकट.

हौशी : आधी सांगितलं तर ती वेगळं गाईल. घसा खाकरून, पदर सावरून, सप्ताहात गातात तसं.

साशंक : गाईल.

हौशी : मग ते कसलं रेकॉर्डिंग झालं?

साशंक : तिने ठरवलेलं. मला ते आवडेलच असं नाही.